पोलादी टेकू : त्यांची जुळणी व त्यांचा निर्धोक उपयोग

पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यांत राहणाऱ्या मुलाला टेकू म्हणजे काय हें निराळें सांगावें लागत नाहीं. नव्या इमारतीच्या प्रत्येक ओल्या स्लॅबखालीं ताठ उभ्या असलेल्या लोखंडी नळ्यांचें दाट वन तो शाळेस येतां-जातां पाहत असतो. पवना व इंद्रायणी यांच्या कांठीं जेथें पूर्वीं शेतें होतीं, त्या भागांत १९५४ सालीं पिंपरी येथें सरकारी मालकीचा औषधांचा कारखाना निघाला. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली. १९८२ सालीं पिंपरी-चिंचवड येथें महानगरपालिका आली. आणि पुढें चाकणच्या माळावर मोटारींचे कारखाने उभे राहिले. या सर्व घडामोडींत जें जें म्हणून काँक्रीटचें छत उंच उठलें, तें तें आरंभीं कांहीं दिवस टेकूंच्याच खांद्यावर उभें होतें.

परंतु जी वस्तु रोज दिसते ती आपणांस कळली आहे असें समजणें, ही मनुष्याची जुनी खोड आहे. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येकांचे वडील, चुलते व मामा या टेकूंखालीं उभे राहून आपली भाकरी मिळवितात. कित्येकांच्या घरीं वरचा मजला चढविण्याचें, किंवा मधली भिंत काढून पुढचें दुकान मोठें करण्याचें काम आज ना उद्यां निघणारच आहे. अशा वेळीं टेकूविषयींचें अज्ञान हें केवळ अज्ञान राहत नाहीं. तें जिवावर बेततें. म्हणून हा विषय थोडा खोलांत जाऊन, परंतु सोप्या रीतीनें, वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

टेकू कशाचा भार वाहतो?

ओलें काँक्रीट हें ओझें आहे, आधार नव्हे. तें वाळल्यामुळें घट्ट होतें असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः सिमेंट पाण्याशीं संयोग पावून घट्ट होतें, आणि म्हणूनच त्यावर कित्येक दिवस पाणी मारावें लागतें. या संयोगास वेळ हवा असतो. तोंवर स्लॅब स्वतःचें वजनसुद्धां पेलूं शकत नाहीं. तें वजन फळ्यांवर, फळ्यांचें खालच्या तुळयांवर, आणि तुळयांचें टेकूंवर पडतें. टेकू तें जमिनीला पोंचवितो. या सांखळींतील एक कडी जरी कच्ची निघाली, तरी बाकीच्या कड्यांचा पक्केपणा व्यर्थ होय.

हें वजन किती असतें याचा हिशेब इयत्ता सातवीचा विद्यार्थीहि करूं शकेल. सळयांसह काँक्रीटच्या एका घनमीटराचें वजन सुमारें २,५०० किलोग्रॅम धरितात. स्लॅबची जाडी १२५ मिलिमीटर असल्यास एका चौरस मीटरावर ३१२ किलोग्रॅम काँक्रीट बसतें. फळ्या व तुळया यांचे ५० किलोग्रॅम आणि काम करणारीं माणसें, पाट्या, नळ व यंत्रें यांचे १५० किलोग्रॅम मिळविले म्हणजे बेरीज ५१२ होते. आतां टेकू जर दोन्ही दिशांनीं १.२ मीटर अंतरावर उभे केले, तर प्रत्येकाच्या वांट्यास १.४४ चौरस मीटर क्षेत्र येतें. म्हणजे सुमारें ७३७ किलोग्रॅम. एका सडपातळ नळीच्या डोक्यावर पाऊण टन!

पैसे वांचविण्यासाठीं एखाद्यानें हेंच अंतर १.५ मीटर केलें, तर काय होईल? अंतर पावपटीनें वाढलें. परंतु क्षेत्र २.२५ चौरस मीटर झालें आणि भार १,१५२ किलोग्रॅमवर गेला, म्हणजे निम्म्याहून अधिक वाढला. अंतर वाढतें एका मापानें व भार वाढतो त्याच्या वर्गाच्या मापानें, हें सूत्र प्रत्येक मुकादमाच्या तोंडपाठ असावें.

लांकडी बल्लीपासून पोलादी टेकूपर्यंत

पूर्वीं आपल्याकडे टेकू म्हणजे लांकडी बल्ली किंवा धिरा. बल्ली लांब निघाली तर कापावी, आंखूड पडली तर खालीं विटा रचून वर पाचर ठोकावी, अशी रीत होती. लांकूड वेडेंवांकडें असे, त्यांत गांठी असत, आणि विटांचा थर पाचरीच्या ठोक्यानें सरके. ही अडचण दूर करणारा पोलादी टेकू विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकांत प्रचारांत आला. विल्यम द विजिए या स्विस तरुणानें १९३६ सालीं इंग्लंडांत यासाठीं कंपनी काढली, व तिला आपल्या वकिलाच्या नांवावरून ‘अ‍ॅक्रो’ हें नांव दिलें. त्या टेकूस जगांत अनेक ठिकाणीं अजूनहि अ‍ॅक्रोचा टेकू असेंच म्हणतात.

त्याची रचना अगदीं साधी आहे. एक जाड नळी बाहेर, तिच्यांत सरकणारी बारीक नळी आंत. आंतल्या नळीस ठराविक अंतरावर आरपार भोकें असतात. हव्या त्या उंचीच्या भोकांत पोलादी खीळ घालावयाची. बाहेरच्या नळीच्या वरच्या टोंकास आटे पाडलेले असून त्यांवर दांड्याचें एक नट फिरतें. खीळ या नटावर टेकते. नट फिरविलें कीं आंतली नळी केसाएवढीसुद्धां वर सरकवितां येते. वर व खालीं एकेक चौरस पट्टी असते. म्हणजे मोठें अंतर खिळीनें साधावयाचें व बारीक अंतर मळसूत्रानें. यांत पाचर नाहीं, कापणें नाहीं, आणि तोच टेकू शेंकडों वेळां वापरतां येतो.

येथेंच एक गोष्ट ध्यानांत धरावी. टेकूवरील सर्व भार त्या एका खिळीतून जातो. ती कठीण पोलादाची व ठराविक जाडीची असते, आणि हरवूं नये म्हणून पुष्कळदां सांखळीनें बांधलेली असते. तरीहि ती हरवते, आणि मग कोणी जवळ पडलेला सळईचा तुकडा भोकांत खुपसतो. समजा, मूळ खीळ १४ मिलिमीटर जाडीची होती व तुकडा १० मिलिमीटरचा आहे. डोळ्यांस फरक फार वाटत नाहीं. परंतु छेदाचें क्षेत्रफळ जवळजवळ निम्में झालें. शिवाय तुकडा भोकांत सैल बसतो, वांकतो व निसटतो. सारांश, खीळ नसलेला टेकू हा टेकूच नव्हे. तो बाजूस काढून ठेवावा.

उंच टेकू दुर्बळ कां?

विद्यार्थ्यांनीं एक लहानसा प्रयोग करून पाहावा. लांकडी पट्टी टेबलावर उभी धरून वरून तळहातानें दाबावी. ती चुरत नाहीं, मोडत नाहीं. ती एका बाजूस धनुष्यासारखी वांकते. तीच पट्टी मध्यावर दुसऱ्या मित्रानें दोन बोटांत धरली, तर पुष्कळ अधिक दाब सहन करिते. उभ्या सडपातळ खांबाचा नाश असाच होतो. तो चिरडून मरत नाहीं, वांकून मरतो.

स्वित्झर्लंडमध्यें जन्मलेले थोर गणिती लेओनार्ड ऑयलर यांनीं १७४४ सालीं याचा नियम सांगितला. खांब वांकविण्यास लागणारा भार लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणांत असतो. म्हणजे सारख्याच नळीची आधारविरहित लांबी २ मीटरांवरून ४ मीटर केली, तर ती वांकण्यापूर्वीं चौथा हिस्साच भार सोसेल. सरकत्या टेकूंत तर आंतली बारीक नळी जितकी अधिक बाहेर काढावी, तितका तो अधिकच दुबळा होतो. म्हणून ‘हा टेकू इतके टन पेलतो’ असें एकच वाक्य अर्धसत्य आहे. किती उंचीवर पेलतो, हें विचारलेंच पाहिजे. चांगला कारखानदार उंचीनिहाय भाराचें कोष्टक देतो. तें कोष्टक कामाच्या जागीं हजर असावें.

याच नियमांतून उपायहि निघतो. पट्टी मध्यें धरल्यावर जशी बळावली, तसा टेकू मध्यावर आडव्या नळीनें शेजारच्या टेकूंशीं जखडला म्हणजे बळावतो. मात्र ही आडवी बांधणी दोन्ही दिशांनीं हवी, आणि तिला तिरप्या नळ्यांची कैची हवी. नुसत्या आडव्या नळ्यांनीं बांधलेले सर्व टेकू एकमेकांचा हात धरून एकाच बाजूस पडूं शकतात. तिरपी नळी चौकटीचे त्रिकोण करते, आणि त्रिकोणाच्या बाजू न बदलतां त्याचा आकार बदलत नाहीं, हें आपण भूमितींत शिकलोंच आहों. बांधणीसाठीं नळ्यांच्या कड्या वापराव्यात. काथ्या व बांधणीची तार हीं त्या कामाचीं नव्हेत.

टेकू कसा उभा करावा?

पहिला विचार पायाचा. चाकणच्या किल्ल्याचा इतिहास मुलांना ठाऊक आहे. १६६० सालीं शाहिस्तेखानाच्या प्रचंड सैन्यापुढें फिरंगोजी नरसाळ्यांनीं तो किल्ला सुमारें दोन महिने लढविला. अखेर शत्रूनें बुरुजाखालीं सुरुंग लावला तेव्हां बुरूज उडाला. वरून जो हटला नाहीं, तो खालून गेला. टेकूचेंहि असेंच आहे. त्याची बुडाची पट्टी सुमारें १५० मिलिमीटर चौरस, म्हणजे २२५ चौरस सेंटिमीटर. तिच्यावर ७३७ किलोग्रॅम आले म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरावर सव्वातीन किलोग्रॅमहून अधिक दाब पडला. भरावाची माती इतका दाब सोसत नाहीं. पट्टीखालीं २५ सेंटिमीटर रुंदीची जाड फळी आडवी घातली, व भार तिच्या ६० सेंटिमीटर लांबीवर पसरला असें धरलें, तर तोच दाब अर्ध्या किलोग्रॅमवर येतो. एका फळीनें एवढें काम होतें!

आपल्या भागांत कांहीं ठिकाणीं मुरूम व खडक वर आहे, तर कांहीं ठिकाणीं काळी माती आहे. काळी माती पाण्यानें फुगते व उन्हानें आकसते. तिच्यावर किंवा नुकत्याच बुजविलेल्या चरावर टेकू उभा करूं नये. माती काढून मुरूम धुमसून घ्यावा व मग फळी घालावी. पावसाळ्यांत पाणी फळीखालून वाहणार नाहीं अशी वाट काढून द्यावी. विटा, फरशीचे तुकडे व रिकामे डबे यांचा थर टेकूखालीं कधींहि रचूं नये. टेकू आंखूड पडत असेल तर मोठ्या मापाचा आणावा.

दुसरा विचार ओळंब्याचा. टेकू सरळ दिसणें आणि सरळ असणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ओळंबा किंवा पाणसळ लावून दोन बाजूंनीं पाहावें. मीटरभर उंचीस २५ मिलिमीटर ही कललेपणाची परमावधि समजतात. चांगला मिस्त्री तिच्या जवळपासहि जात नाहीं. एक टन भाराचा टेकू एवढा कलला, तरी सुमारें २५ किलोग्रॅमचा आडवा रेटा उत्पन्न होतो. आणि असे पन्नास टेकू एकाच बाजूस कलले तर सव्वा टनाचा रेटा सबंध सांगाडा त्या बाजूस ढकलीत राहतो.

तिसरा विचार डोक्याचा. वरची तुळई टेकूच्या पट्टीच्या बरोबर मध्यावर यावी. ती कडेवर टेकली म्हणजे भार नळीच्या मध्यांतून न जातां एका अंगानें जातो आणि नळीस आरंभापासूनच वांकवूं लागतो. तुळई सरकूं नये म्हणून ती खिळ्यांनीं अगर पकडीनें पक्की करावी.

उभा करण्यापूर्वीं प्रत्येक टेकू डोळ्यांखालून घालावा. नळी वांकलेली, चेपलेली किंवा गंजून पापुद्रे सुटलेली असेल, भोकें लांबट झालीं असतील, आटे झिजले असतील, किंवा बुडाची पट्टी दुमडली असेल, तर तो टेकू भंगारांत काढावा. वांकलेली नळी हातोड्यानें सरळ केली तरी तिची गेलेली शक्ति परत येत नाहीं.

जड कामाचे टेकू

स्लॅबखालील साध्या टेकूंनीं सर्व कामें भागत नाहींत. पुलाची तुळई, कारखान्यांतील यारीचा गर्डर, किंवा मालगाडीच्या धक्क्यानें वांकलेला छपराचा खांब बदलतांना दहा-वीस टन किंवा त्याहून अधिक भार कांहीं काळ तोलून धरावा लागतो. त्यासाठीं तुकड्यातुकड्यांनीं जोडावयाचे जाड पोलादी टेकू मिळतात. निरनिराळ्या लांबीचे तुकडे टोंकांच्या पट्ट्यांतून बोल्टांनीं एकमेकांस जोडावयाचे, आणि टोंकाला मळसूत्राचा जॅक बसवावयाचा, अशी त्यांची घडण असते.

यांची जुळणी उभ्यानें न करतां शक्यतों जमिनीवर आडवी करावी. सपाट जागीं लांकडी ओंडके घालून त्यांवर तुकडे एका ओळींत मांडावे. एकाच कारखान्याचे व एकाच जातीचे तुकडे घ्यावे. भोकें जुळलीं म्हणून बळहि जुळेल असें नाहीं. पट्ट्यांचीं तोंडें ब्रशानें साफ करावीं, कारण मध्यें अडकलेला वाळूचा खडासुद्धां सांध्यांत बांक आणतो. जितकीं भोकें असतील तितके बोल्ट, ठरवून दिलेल्या जाडीचे व प्रतीचे, घालावे. ‘चारांपैकीं दोन पुरेत’ हें म्हणणें ऐकूं नये. प्रथम सर्व बोल्ट हातानें बसवावे, मग पान्यानें समोरासमोरचे आळीपाळीनें आवळावे, म्हणजे तोंडें सारखीं बसतात. शेवटीं एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत दोरी ताणून टेकू सरळ आहे कीं नाहीं हें पाहावें.

असा टेकू माणसांच्या खांद्यावर उचलण्याची हौस करूं नये. त्यास यारीच हवी. उचलतांना टोंकास दोरी बांधून ती दूर उभ्या असलेल्या माणसानें धरावी, व खालीं कोणीहि उभें राहूं नये. वरून विजेच्या तारा जात असतील तर काम सुरू करण्यापूर्वीं वीजकंपनीकडून प्रवाह बंद करवावा. लांब पोलादी टेकू तारेस नुसता जवळ गेला तरी घात होतो. टेकू उभा झाल्यावर निदान दोन दिशांनीं त्यास ताण किंवा कैची बसेपर्यंत यारीचा हूक सोडूं नये.

जॅक किती बाहेर काढावा याची मर्यादा ठरलेली असते. मळसूत्राचा भाग हा टेकूचा सर्वांत बारीक भाग. तो जितका उघडा, तितका टेकू नाजूक. भार घेतल्यावर अडकवणीचें नट आवळून टाकावें. पोलादावर पोलाद नुसतें टेकविलें तर तें धक्क्यानें घसरतें. म्हणून तेथें बोल्ट, पकड किंवा ठरवून दिलेली पाटी हवी. आणि टेकूवर वेल्डिंग करणें, त्यास नवें भोक पाडणें अथवा तो कापणें, हें इंजिनियरच्या लेखी परवानगीवांचून कोणीहि करूं नये.

स्लॅब ओतण्याचा दिवस

त्या दिवशीं घाई, गोंगाट व थकवा यांचें राज्य असतें. म्हणून सर्व तपासणी आदल्या दिवशींच आटपावी. काँक्रीट एका जागीं ढीग करून टाकूं नये. अवघा ३० सेंटिमीटरांचा जादा ढीग एका चौरस मीटरावर ७५० किलोग्रॅमचा नवा भार घालतो. म्हणजे ज्या टेकूचा आम्हीं वर हिशेब केला, त्यावरचा भार दुपटीपेक्षांहि अधिक होतो. पंपाच्या नळीचा हिसका फळ्यांस बसतो, म्हणून तिला निराळा आधार द्यावा.

एक जाणता माणूस केवळ टेकूंवर नजर ठेवण्यासाठीं नेमावा. तो सुरक्षित जागेवरून पाहील व कांहीं चुकीचें दिसतांच वरचें काम थांबवील, असा त्याला अधिकार हवा. एखादा टेकू वांकूं लागला, तर त्याखालीं शिरून नट फिरविण्याचा मोह अनेकांस होतो. तो मोह प्राणघातक होय. काम थांबवावें, माणसें वरून व खालून दूर न्यावीं, आणि मग इंजिनियर सांगेल तसें करावें.

अनेक मजल्यांच्या इमारतींत आणखी एक धोका आहे. तिसऱ्या मजल्याचा ओला स्लॅब दुसऱ्या मजल्याच्या स्लॅबवर भार टाकतो, आणि तो दुसरा स्वतःच अजून कोवळा असतो. म्हणून खालच्या मजल्यांचे टेकूहि राखून ठेवावे लागतात, व ते एकाखालीं एक नेमक्या रेषेंत यावे लागतात. वरचा टेकू एके ठिकाणीं व खालचा दुसरीकडे असेल, तर मधल्या स्लॅबला तो भार वांकवितो.

टेकू केव्हां काढावे?

पुष्कळ अपघात उभारण्याच्या वेळीं नव्हे, काढण्याच्या वेळीं होतात. भारतीय मानकाच्या ४५६ क्रमांकाच्या संहितेच्या २००० सालच्या आवृत्तींत याचे दिवस सांगितले आहेत. साधें पोर्टलंड सिमेंट असेल व हवेचें उष्णमान १५ अंशांखालीं जात नसेल, तर ४.५ मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू ७ दिवस, व त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवस ठेवावे. तुळईखालचे टेकू ६ मीटरपर्यंतच्या गाळ्यास १४ दिवस, व त्यापुढें २१ दिवस ठेवावे. राखमिश्रित सिमेंट सावकाश बळावतें, आणि थंडींत चाकणकडील रात्री चांगल्याच गार असतात. अशा वेळीं हे दिवस वाढवावे लागतात. भाड्याचे टेकू लवकर परत करून चार पैसे वांचविण्याचा विचार ज्याच्या मनांत येईल, त्यानें आपलें स्वतःचें अंथरूण त्या स्लॅबखालीं घालून पाहावें!

काढतांनाहि क्रम असतो. दोन्ही बाजूंस टेकलेल्या स्लॅबचे टेकू मधून आरंभ करून भिंतीकडे सोडीत जावे. सज्जासारख्या पुढें आलेल्या भागाचे मात्र बाहेरच्या टोंकापासून आंत यावें. नट थोडेंथोडें सैल करावें. घणाचा ठोका मारून टेकू पाडणें म्हणजे स्लॅबवर अकस्मात् सगळा भार लोटणें होय.

घरांतील भिंत काढतांना

हा भाग पालकांनीं विशेष लक्ष देऊन वाचावा. जुन्या गांवठाणांतील पुष्कळ घरांत भिंत हाच खांब असतो; वरचा मजला तिच्यावर बसलेला असतो. ती ‘नुसती मधली भिंत’ आहे असें गृहीत धरून फोडूं नये. प्रथम इंजिनियरला दाखवावी व महानगरपालिकेची परवानगी घ्यावी. भिंत काढणें शक्य ठरल्यास तिच्यांत वरच्या अंगास सुमारें एक मीटर किंवा त्याहून कमी अंतरावर आरपार भोकें पाडून त्यांतून आडव्या पोलादी तुळया घालतात, व प्रत्येक तुळईच्या दोन्ही टोंकांखालीं एकेक टेकू देतात. हे टेकू फरशीवर नव्हे, तर फळी घालून पक्क्या तळावर उभे करावे. खालीं तळघर असेल तर त्यांतहि खालोखाल आधार द्यावा. नट इतकेंच आवळावें कीं टेकूनें भार घेतला एवढें कळावें. अधिक आवळल्यास वरची भिंत उचलली जाऊन तडे जातात. मग खालची भिंत थोडीथोडी काढून नवा गर्डर दोन्ही टोंकांस पक्क्या बैठकीवर बसवावा. त्याच्या व वरच्या भिंतीच्या मधली फट घट्ट मसाल्यानें ठांसून भरावी. तो मसाला पुरता कठीण झाल्यावरच टेकू एकेक करून सैल करावे.

‘तात्पुरतें’ हा शब्द

आमच्या मतें या सर्व विषयांतील खरा शत्रु ‘तात्पुरतें’ हा शब्द आहे. कायमच्या खांबाचा नकाशा काढतात, त्यावर सह्या होतात. तात्पुरत्या टेकूचा हिशेब मात्र पुष्कळदां अंदाजानेंच होतो. परंतु गुरुत्वाकर्षण तात्पुरतें नसतें. २०१६ सालच्या २९ जुलै रोजीं पुण्यांतील बालेवाडी येथें एका उंच इमारतीच्या वरच्या मजल्यावर स्लॅबचें काम चालू असतां तो कोसळून ९ मजूर मृत्यु पावले. २०२४ च्या ऑक्टोबरांत भोसरी येथें मजुरांच्या वसाहतींतील पाण्याची तात्पुरती टाकी कोसळून ५ जण दगावले. त्यांच्या गांवीं जीं कुटुंबें मागें राहिलीं, त्यांचें दुःख तात्पुरतें नाहीं.

विद्यार्थ्यांस आमचें सांगणें थोडकें आहे. टेकूंच्या वनांत लपाछपी खेळूं नये. टेकूची खीळ खेळावयास घेऊं नये. ती परत करण्याची लाज वाटून ती फेंकून दिली गेली, तर तिच्या जागीं सळईचा तुकडा येतो. बांधकामावर राहणाऱ्या बायका धाकट्या मुलाची झोळी कधीं कधीं टेकूलाच बांधतात. तुमच्या दृष्टीस असें पडलें तर आदरानें तें सांगा, व मुकादमासहि सांगा. तुमच्यापैकीं जे उद्यां ओव्हरसियर, इंजिनियर किंवा ठेकेदार होतील, त्यांनीं टेकूंचा नकाशा काढल्यावांचून व त्यावर स्वतःची सही केल्यावांचून काँक्रीटची पहिली पाटी पडूं देऊं नये.

पालकांनीं आपल्या घराच्या कामावर ठेकेदारास निदान चार प्रश्न विचारावेत. एका टेकूवर किती भार येणार? या उंचीवर तो किती पेलतो? त्याच्या बुडाखालीं काय आहे? आणि तो कोणत्या तारखेस निघणार? चारहि उत्तरें ठाम मिळालीं तर काम सुरू होऊं द्यावें. एकाहि प्रश्नास ‘होऊन जाईल’ असें उत्तर आलें, तर त्या दिवशीं काम थांबवावें. हे प्रश्न विचारण्यास कोणत्याहि पदवीची गरज नाहीं, आणि थांबण्यानें बुडणारी एका दिवसाची मजुरी भरून काढतां येते.